सामायिक बाजारपेठ : युरोपीय संघाची घडण आणि आपला द्राक्ष बागायतदार

शहराच्या वेशीवर जकात नाक्यापाशी मालाचे ट्रक तासन् तास खोळंबलेले आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहेत. मुंबई महापालिकेची जकात १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होताच बंद झाली आणि ती रांग गेली. देशादेशांच्या सीमेवरही असेच नाके असतात. काही देश आपापसांतील हे नाके काढून टाकतात, तेव्हा व्यापारी गट तयार होतो. अशा गटाचा आपल्या बागेशी व गोठ्याशी काय संबंध, हे या लेखात पाहू.

एकत्र येण्याच्या पायऱ्या

१) मुक्त व्यापार क्षेत्र : सभासद देश एकमेकांच्या मालावरील आयातशुल्क कमी किंवा रद्द करतात. बाहेरच्या देशांच्या मालावर मात्र प्रत्येकाचे शुल्क वेगळे राहते. त्यामुळे तिसऱ्याच देशाचा माल कमी शुल्काच्या वाटेने आत शिरू शकतो. हे टाळण्यासाठी माल मूळ कोणत्या देशाचा, याचे प्रमाणपत्र मागितले जाते.

२) जकात संघ : आपसांत शुल्क नाही आणि बाहेरच्या मालावर सर्वांचे शुल्क एकच.

३) सामायिक बाजारपेठ : मालाबरोबर माणसे, भांडवल व सेवाही मोकळेपणाने फिरतात. मालाच्या दर्जाचे नियमही एक होतात.

४) आर्थिक संघ : काही धोरणे आणि बहुधा चलनही एक होते.

युरोपची वाटचाल

दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स व लक्झेंबर्ग या सहा देशांनी १९५१ मध्ये कोळसा व पोलाद यांपुरता करार केला. १९५७ मध्ये रोम येथे आर्थिक समुदायाचा करार झाला. १९६८ मध्ये जकात संघ पूर्ण झाला, तर १ जानेवारी १९९३ पासून एकच बाजारपेठ अस्तित्वात आली. युरोच्या नोटा व नाणी २००२ मध्ये हातात आली. ब्रिटन २०२० मध्ये बाहेर पडल्यानंतर संघात २७ देश राहिले.

आतल्या शेतकऱ्याला काय मिळाले ?

१९६२ पासून या देशांनी सामायिक कृषी धोरण राबविले. शेतमालाला हमीचा भाव, बाहेरून येणाऱ्या स्वस्त मालावर चढते शुल्क आणि शिल्लक माल बाहेर विकण्यासाठी अनुदान, असे त्याचे तीन खांब होते. युद्धकाळात उपासमार सोसलेल्या युरोपात अन्नधान्य मुबलक झाले. परंतु भाव हमखास मिळतो म्हटल्यावर उत्पादन मागणीपेक्षा वाढले. लोणी व दूध भुकटीचे साठे गोदामांत पडून राहिले. अखेर १९८४ मध्ये दुधावर कोटा बसवावा लागला, तो २०१५ पर्यंत चालला. १९९२ पासून हमीभाव उतरवून शेतकऱ्याला थेट रक्कम देण्याकडे धोरण वळले.

कुंपणाबाहेरच्यांचे काय झाले ?

आतले नाके निघाले तरी बाहेरचे कुंपण राहतेच. याचा चटका न्यूझीलंडच्या शेतकऱ्यांना बसला. त्यांचे बहुतेक लोणी ब्रिटनमध्ये खपत असे. १९७३ मध्ये ब्रिटन युरोपीय समुदायात गेला आणि ब्रिटिश ग्राहकाला फ्रान्स, डेन्मार्क, आयर्लंडचे लोणी शुल्काविना मिळू लागले. न्यूझीलंडच्या लोण्याला ठरावीक कोटाच उरला. न्यूझीलंडचे लोणी महाग झाले नव्हते की त्याचा कस उतरला नव्हता. गिऱ्हाईक कुंपणाच्या आत गेले होते. अर्थशास्त्रात याला व्यापाराची दिशा बदलणे म्हणतात. तेथील दूध उत्पादकांना आशियात नवे बाजार शोधावे लागले.

याच साखळीचा पुढचा दुवा आपल्यापर्यंत येतो. पूर्व आशियातील देश, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांच्या मोठ्या व्यापार गटात भारताने सामील व्हावे, यासाठी अनेक वर्षे वाटाघाटी चालल्या. न्यूझीलंडची स्वस्त दूध भुकटी आल्यास दोन-चार जनावरांवर संसार चालविणाऱ्यांच्या दुधाचे भाव पडतील, ही भीती देशातील दूध संघांनी मांडली. नोव्हेंबर २०१९ मध्ये भारत या वाटाघाटींतून बाहेर पडला.

द्राक्ष बागायतदाराचा अनुभव

नाशिक, सांगली भागातील द्राक्षे न्हावाशेवा बंदरातून मुख्यतः नेदरलँड्समधील रॉटरडॅमला जातात. तेथे एकदा माल संघात शिरला की जर्मनीला जाताना पुन्हा शुल्क लागत नाही. मात्र यात दोन अडचणी आहेत.

पहिली शुल्काची. दक्षिण आफ्रिकेने १९९९ मध्ये व चिलीने २००२ मध्ये युरोपीय संघाशी करार करून शुल्कात सवलत मिळविली. आपली द्राक्षे मात्र अनेक वर्षे करारावाचून शुल्क भरून त्यांच्याशी स्पर्धा करीत आली.

दुसरी अडचण कीडनाशकांच्या उर्वरित अंशाची. सप्टेंबर २००८ पासून सर्व सभासद देशांत अंशाची कमाल मर्यादा एकच झाली. ज्या रसायनाची मर्यादा ठरलेली नाही, त्यासाठी दर किलोस ०.०१ मिलिग्रॅम धरले जाते. म्हणजे शंभर टन द्राक्षांत फक्त एक ग्रॅम ! एका नियमात बसलो की २७ देश खुले होतात, हा फायदा. पण एका देशात माल नापास झाला की सूचना सर्व देशांना जाते.

२०१० च्या हंगामात हेच घडले. वेलीची शाकीय वाढ रोखून घडधारणा वाढावी म्हणून वापरलेल्या क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजेच सीसीसी या संजीवकाचे अंश युरोपात मर्यादेपेक्षा जास्त आढळले. हे संजीवक आपल्याकडील तपासणीच्या यादीत नव्हते. अनेक कंटेनर अडकले व बागायतदार-निर्यातदारांचे मोठे नुकसान झाले. त्यानंतर ते तपासणीत घेण्यात आले. ज्याची तपासणी आपण करीत नाही, त्याचीही तपासणी घेणारा करू शकतो, हा यातील धडा होय.

बागायतदारांनी काय करावे ?

• निर्यातीसाठी ठेवलेल्या बागेची दरवर्षी कृषी विभागामार्फत ग्रेपनेट प्रणालीत वेळेवर नोंदणी करावी.

• मांजरी (पुणे) येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या चालू हंगामाच्या शिफारस यादीतीलच औषधे वापरावीत. गेल्या वर्षीची यादी चालत नाही.

• एप्रिल छाटणीपासूनच्या प्रत्येक फवारणीची तारीख, औषध व प्रमाण वहीत लिहावे. खरड छाटणीनंतर वापरलेले रसायनही घडात उतरू शकते.

• शेवटची फवारणी व तोडणी यांतील शिफारस केलेले अंतर काटेकोरपणे पाळावे.

• घटकांची माहिती लेबलावर नसलेले कोणतेही ‘टॉनिक’ वापरू नये.

• ब्रिटनला माल पाठवायचा असल्यास तेथील नियम वेगळे पाहावेत. तो आता संघाबाहेर आहे. जुलै २०२५ मध्ये भारताने त्याच्याशी स्वतंत्र व्यापार करारावर सही केली आहे.

थोडक्यात, शुल्क कमी करणे सरकारांच्या हाती आहे. त्यासाठी आपल्या संघांनी वाटाघाटींच्या काळातच आपले म्हणणे लेखी कळवावे, करारानंतर तक्रार करून फारसा उपयोग होत नाही. परंतु शुल्क शून्यावर आले, तरी नापास माल परतच येतो. बाजारपेठेचे दार सरकार उघडू शकते, माल त्यातून आत जाईल की नाही हे मात्र छाटणीच्या दिवसापासून आपल्या बागेत ठरत असते.