थंडीचे रंग आणि पाचवी-सहावीचा वर्ग

मार्गशीर्ष-पौषात छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील शिवार रब्बीच्या पिकांनी रंगून गेलेले असते. तथापि ‘हिवाळा’ या विषयावर रंग भरण्यासाठी शाळेतील मुलांच्या हाती जे छापील चित्र येते, त्यात बहुधा बर्फाचा माणूस, सूचिपर्णी वृक्ष आणि घरांच्या छपरांवर साचलेला बर्फ असतो. मराठवाड्यातील मुलाने बर्फ पडताना पाहिलेला नसतो. कागद मुळातच पांढरा असल्याने बर्फात रंग भरण्याचेही कारण उरत नाही. अशा वेळी हात कामात असतो. डोळ्यांना व बुद्धीला मात्र काम मिळत नाही.

पहिली-दुसरीत रेषेच्या आत रंग भरल्याने बोटांना वळण लागते, हे खरे. परंतु दहा-बारा वर्षांचे मूल मोजू शकते, तुलना करू शकते व कारण शोधू शकते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये कलेच्या माध्यमातून इतर विषय शिकविण्यावर भर देण्यात आला आहे. ते साधावयाचे असेल तर या वयात रंगविणे ही निरीक्षणाची नोंद झाली पाहिजे.

आधी पाहणे, मग रंगविणे

यासाठी शाळेजवळचे शेत पुरेसे आहे. करडईचे फूल उमलते तेव्हा पिवळे असते. कोमेजताना ते केशरी-तांबडे होते. जवसाचे निळे फूल सकाळी उमलते आणि दुपारपर्यंत त्याच्या पाकळ्या गळू लागतात. देशी हरभऱ्याचे फूल गुलाबी-जांभळे असते, तर काबुली हरभऱ्याचे पांढरे. शिक्षकांनी मुलांना सकाळी शेतावर न्यावे, प्रत्येकाने एक फूल निवडून तेथेच त्याची आकृती काढावी व रंग भरावेत. चार दिवसांनी त्याच झाडाचे दुसरे चित्र काढावे. दोन चित्रांत पडलेला फरक हाच त्या दिवशीचा विज्ञानाचा धडा होय.

पैठणच्या नाथसागरावर हिवाळ्यात परदेशी पक्षी उतरतात. १९८६ साली हा परिसर पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला. केशरी-तपकिरी अंगाचा चक्रवाक आणि पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकदंब रंगविल्यावर, हे पक्षी कोठून आले, हा प्रश्न मुले आपण होऊन विचारतात. मग हिमालय आणि त्यापलीकडचा मध्य आशिया नकाशावर शोधता येतो.

अंकांचे रंग

वृत्तपत्रात रोज किमान तापमान प्रसिद्ध होते. चौकटीच्या कागदावर दररोज एक चौकट रंगवावी: दहा अंशांखाली गडद निळी, दहा ते पंधरापर्यंत फिकी निळी, त्याहून अधिक असल्यास पिवळी. दोन महिन्यांत थंडीची लाट कधी आली व कधी ओसरली, हे वर्गाच्या भिंतीवर दिसू लागते.

सावलीचेही असेच आहे. मैदानात १०० सेंटिमीटर उंचीची काठी उभी रोवली असता २२ डिसेंबरच्या सुमारास मध्यान्हीची, म्हणजे साधारण साडेबाराची, तिची सावली सुमारे ९४ सेंटिमीटर भरते. २१ मार्चच्या सुमारास ती ३६ सेंटिमीटरपर्यंत आखडते. दर आठवड्याला सावलीच्या लांबीची पट्टी रंगवून ठेवल्यास सूर्याचे उत्तरायण पाठ करावे लागत नाही.

खर्चाचा प्रश्न

रंगपेट्यांअभावी उपक्रम अडू नये. अजिंठ्याच्या चित्रकारांनी गेरू, पिवळी व हिरवी माती, चुना आणि काजळी यांतूनच बहुतेक रंग सिद्ध केले. निळ्यासाठी लागणारा लाजवर्द तेवढा दूरवरून आला. गेरू, हळद, खडू व काजळी आजही गावात मिळतात. त्यांत थोडे डिंकाचे पाणी मिसळले की वर्गापुरते रंग तयार होतात.

रिकाम्या जागा

याच हंगामात मराठवाड्यातील अनेक वर्गांतील काही जागा रिकाम्या होतात. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडणीसाठी कुटुंबे गाव सोडतात ती गाळप संपल्यावरच परततात. मुलांना गावीच ठेवता यावे म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आहे. तिचा लाभ प्रत्येक पात्र मुलापर्यंत पोहोचविण्यासाठी गाव सोडण्यापूर्वीच पालकांची भेट घेणे, हे शाळा व्यवस्थापन समितीचे व पंचायत सदस्यांचे पहिले काम आहे.

तरीही जी मुले जातात, त्यांच्या हाती एक कोरी वही व चार खडू द्यावेत. त्यांचा हिवाळा वेगळा असतो: उसाचे रुपेरी तुरे, पहाटेची शेकोटी, पाचटाची कोपी, कारखान्याच्या धुराड्यातून निघणारा धूर. वसंतात ती वही परत आली की तिची पाने वर्गातील तक्त्याशेजारी लावावीत. त्याच तारखांना तेथे थंडी किती होती, कोणते पीक उभे होते, हे त्या मुलाने इतरांना सांगावे. चार-पाच महिने गैरहजर म्हणून नोंदले गेलेले मूल त्या दिवशी वर्गाला काही शिकविते. शाळेत पुन्हा रुळण्यास त्याला याहून चांगला आधार क्वचितच मिळेल.

छापील बर्फाच्या चित्रात अशा मुलाला जागा नसते. स्वतः पाहिलेल्या थंडीच्या चित्रात ती आपोआप मिळते.