पोरांना जातं दाखवायचंय म्हणतेस, तर...

सूनबाई, जातं नुसतं दाखवू नकोस, फिरवायला दे. पाच-सहा वर्षांचं पोर ऐकलेलं विसरतं. दंड दुखला की लक्षात ठेवतं.

माळ्यावरून काढलंस की आधी टाकी लावून घे. पूर्वी टाकारी दारावरून हाळी देत जायचे, आता शोधावा लागेल. टाकी लावलेल्या जात्यातून दगडाची कच पडते, तेव्हा पहिल्या दोन-चार ओंजळींचं पीठ टाकून दे. मग दोघादोघांना समोरासमोर बसव, खुंटा दोघांनी धरायचा. मुलगेही बसव, त्यांना वेगळं काढू नकोस. दाण्यांची वैरण मूठमूठ घालायची. जास्त घातली की भरड पडते, ते त्यांचं त्यांना कळू दे. वरची तळी मात्र तूच उचल, बोटं चेंगरतात. त्याच पिठाची भाकरी त्याच दुपारी थाप, तळहाताएवढी झाली तरी चालेल. खाताना विचार, घरात दहा माणसं असती तर किती वेळ दळावं लागलं असतं?

मापं पाठ करून घेऊ नकोस. पायली आणि शेर घरात आहेत, ज्वारी ओतू देत. ४ शेरांची पायली त्यांनाच सापडेल. आणे-पैसे मोठ्या पोरांसाठी ठेव.

आता कानात सांगते. जुनं गाव फार गोड करून सांगायचा मोह होतो. सुतारानं औत नीट करायचं, कुंभारानं मडकी द्यायची, सुगीला खळ्यावर येऊन बलुतं न्यायचं, हा खेळ पोरांना भारी आवडतो. कामं चिठ्ठ्या टाकून वाट, आडनाव बघून नको. खेळता खेळता एखादं विचारेलच, वेशीबाहेरची माणसं आडावर पाण्याला का नाही येत? विषय बदलू नकोस. सांग, येऊ देत नव्हते. महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ साली बाबासाहेब हजारो माणसांना घेऊन गेले, ते तिथलं पाणी पिण्याचा हक्क बजावायला. सहा वर्षांच्या पोराला एवढं नीट कळतं; अडखळतो आपण मोठे.

कोल्हापूरकडे गेलात तर कणेरी मठाचं ग्रामजीवन म्युझियम जरूर दाखव, पण हे सगळं हातानं करून झाल्यावर. आधी नेलंस तर पोरं पुतळ्यांपुढे फोटो काढून आईस्क्रीम मागतील.