वस्तीतील आरोग्यसेवा आणि आपले कर्तव्य

शहरात दवाखाना जवळ असूनही आपल्या वस्तीतील रोगी तेथे जात नाही. कारण त्या दिवसाची रोजी बुडते. ही अडचण ओळखून २०१३ साली राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियान सुरू झाले. २०० ते ५०० घरांमागे एक आशा सेविका, अशी त्यात योजना आहे. परंतु सेविका दारी आली असता आपण खोकला लपविला, तर योजना कागदावरच राहते.

दोन आठवड्यांहून अधिक खोकला असल्यास थुंकी तपासून घ्यावी. सरकारी केंद्रात क्षयाची तपासणी व औषधे मोफत मिळतात. साध्या क्षयाचा उपचार साधारणतः ६ महिन्यांचा असतो. बरे वाटले म्हणून औषध मध्येच सोडल्यास रोगजंतू औषधाला दाद देईनासे होतात. विद्यार्थ्यांनी हे घरोघरी समजावून सांगावे. रोग्याला दूर लोटणाऱ्या वस्तीत रोग लपतो आणि पसरतो, हे आपण सर्वांनी ध्यानी ठेवावे.