दोनशे चौदा नंबरच्या पुढे बिलं का निघत नाहीत?

प्रश्न : भूम परिसरातल्या एका दूध संकलन केंद्राचं संगणकाचं काम माझ्याकडे आहे. दर दहा दिवसांनी मायएसक्यूएलमधली एक स्टोअर्ड प्रोसीजर बिलं काढते. पूर्वी शेवटी '१३२९, नो डेटा' असा एरर यायचा, पण बिलं निघायची. एका मित्राच्या सांगण्यावरून 'नॉट फाउंड'चा हँडलर टाकला आणि एरर गेला. या खेपेला मात्र २१४ नंबरच्या सभासदानंतर कोणाचंच बिल नाही, आणि एररही नाही. कर्सर मध्येच का थांबतो?
— एक वाचक, भूम

उत्तर : कर्सरला पुढची नोंद मिळाली होती. ती हातात असतानाच लूप बाहेर पडला. दुखणं कर्सरमध्ये नसून दरपत्रकात आहे.

तुमची प्रोसीजर मी पाहिलेली नाही, पण लक्षणं इतकी ठरावीक आहेत की आतली रचना ओळखता येते. कर्सर संकलनाची एकेक नोंद उचलतो : सभासद नंबर, तारीख, सकाळ की संध्याकाळ, लिटर, फॅट, एसएनएफ. मग लूपमधलं 'सिलेक्ट इनटू' दरपत्रकातून दर आणतं आणि रक्कम बिलात पडते. गायीचं दूध, ३.५ फॅट, ८.५ एसएनएफ असेल तर दर मिळणारच. पण समजा, २१४ च्या एखाद्या नोंदीत म्हशीच्या दुधापुढे घाईत 'गाय' दाबलं गेलं आणि फॅट आहे ७.२. गायीच्या दरपत्रकात ही फॅट नसेल, तर सिलेक्ट रिकाम्या हाताने परत येतं.

इथे घोटाळा होतो. 'कर्सरमधल्या नोंदी संपल्या' आणि 'दर सापडला नाही' या दोन्ही गोष्टी मायएसक्यूएलच्या लेखी एकच : नॉट फाउंड. मधल्या सुट्टीची आणि शाळा सुटल्याची घंटा सारखीच वाजली तर पोरं दप्तर घेऊन घरी पळणारच. दर न सापडल्यावर तुमचा हँडलर 'संपलं = १' करून मोकळा होतो. पुढची फेच व्यवस्थित होते, पण ती जमली म्हणून 'संपलं' आपोआप शून्यावर येत नाही. लगेच खालची अट ते १ बघते आणि लूप सोडते.

पूर्वीचा एरर त्या मानाने निरुपद्रवी होता. सगळ्या नोंदी झाल्यावर आणखी एक फेच मागितली जायची, म्हणून तो यायचा. दर न सापडल्याची तेव्हा नुसती वॉर्निंग निघत होती आणि ती कोणी वाचत नव्हतं.

आता जरा काळजीची गोष्ट. सिलेक्ट इनटूला काही मिळालं नाही तर मायएसक्यूएल व्हेरिएबलला हात लावत नाही. त्यात आधीच्या नोंदीचा दर तसाच राहतो, आणि कंटिन्यू हँडलर असल्यामुळे त्याच दराने ही नोंदही बिलात जाते. म्हणजे २१४ च्या त्या म्हशीच्या दुधाला आधीच्या गायीच्या नोंदीचा दर लागला असेल. शिवाय त्याच्या पुढच्या दिवसांच्या नोंदीही गळाल्या असतील. त्याचं बिल खरंच दहा दिवसांचं आहे का, मोजून बघा. हाच प्रकार पूर्वीच्या बिलांतही गुपचूप होत असणार, फक्त तेव्हा लूप तुटत नव्हता म्हणून कोणाच्या ध्यानात आला नाही.

दुरुस्ती छोटी आहे. दर आणणारं सिलेक्ट स्वतंत्र बिगिन-एंडमध्ये ठेवा आणि त्या ब्लॉकला स्वतःचा नॉट फाउंड हँडलर द्या. त्याने दर नल करायचा, 'संपलं'ला शिवायचं नाही. दर नल असेल तर ती नोंद बिलात न टाकता वेगळ्या टेबलात जाऊ द्या. 'सिलेक्ट मॅक्स(दर)' लिहिलं तरी भागतं, कारण ग्रुप बाय नसेल तर मॅक्स एक ओळ देतोच, दर नसेल तर नल. ही युक्ती मला फारशी आवडत नाही. दरपत्रकात एकाच फॅटचे दोन दर पडले तर ती तेही झाकून टाकते.

डेटाबेस बदलला की दुखणंही बदलतं. ओरॅकलमध्ये प्रत्येक कर्सरचा नॉटफाउंड त्याचा त्याचा असतो आणि दर न सापडल्यास ओआरए-०१४०३ समोर येतो. एसक्यूएल सर्व्हरमध्ये १६९१५, म्हणजे 'या नावाचा कर्सर आधीच आहे', हा एरर आला तर बहुधा आधीची प्रोसीजर डीॲलोकेट होण्याआधीच कोसळलेली असते. तिथे कर्सर सहसा ग्लोबल धरला जातो, तो लोकल म्हणून जाहीर करा.

खरं म्हणजे या कामाला कर्सरच नको. संकलनाचं टेबल आणि दरपत्रक लेफ्ट जॉनने जोडलं की सगळी बिलं एका इन्सर्टमध्ये होतात. जिथे दर नल येतो त्या नोंदी बिलाआधीच वेगळ्या काढता येतात, म्हणजे गाय-म्हशीची चूकही त्याच दिवशी सापडते.

या पगाराचं आधी उरका. अर्धवट बिलं पुसल्याशिवाय प्रोसीजर पुन्हा चालवू नका, नाहीतर २१४ पर्यंतच्या सगळ्यांना दोनदा रक्कम लागेल. सभासद, तारीख आणि वेळ मिळून बिलाच्या टेबलावर युनिक की टाकून ठेवा. त्यानंतर जुन्या बिलांतही चुकीचा दर लागलेल्या नोंदी शोधा आणि फरक पुढच्या पगारात चुकता करा.