महाविद्यालयीन निबंध : काही अनुभवाच्या सूचना

'मुलांच्या उपयोगी पडेल असे काही लिहा,' असे न्यासाच्या चिटणीसांनी आम्हांस सांगितले, तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे एक वही उभी राहिली. आमच्या हाताखालून गेलेली एक विद्यार्थिनी बी. ए.च्या पहिल्या वर्षातील आपला निबंध घेऊन आली होती. आरंभीच 'पाणी हे जीवन आहे' असे वाक्य होते आणि समासात प्राध्यापकांनी तांबड्या शाईने विचारले होते, 'यात तुमचे काय?' खरे सांगावयाचे तर ते वाक्य आमचे होते. फळ्यावर लिहून देऊन आम्हीच ते वर्षानुवर्षे मुलांकडून उतरवून घेतले आणि त्याला गुणही दिले.

तो निबंध आम्ही तिच्याकडून पुन्हा लिहवून घेतला. प्रश्न असा होता : 'शहराला नळाचे पाणी आल्यावर विहिरींची गरज उरते काय? चर्चा करा.' वर्णन करणे, कारणे देणे आणि चर्चा करणे ही तीन निराळी कामे आहेत. चर्चेत दोन्ही बाजू मांडून आपला कौल द्यावा लागतो. 'उरते काय' या दोन शब्दांवर सारा निबंध उभा होता, आणि तेच तिने वाचले नव्हते.

सबंध बेळगाव चार पानांत मावत नाही. एक विहीर मावते. टिळकवाडीतील काँग्रेस विहीर १९२४ साली, महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली येथे भरलेल्या अधिवेशनासाठी खणली गेली. तीच आम्ही तिला घ्यावयास सांगितली. रविवारी ती तेथे जाऊन आली. पाहिलेले, ऐकलेले आणि वाचलेले अशी टिपणे तिने वेगवेगळ्या कागदांवर केली. वाचलेल्यापुढे पुस्तकाचे नाव व पृष्ठांक लिहिला. हा पृष्ठांक त्याच वेळी लिहावा, मागाहून तो सापडत नाही.

लेखनापूर्वी आपले म्हणणे एका वाक्यात मांडावे. तिने प्रथम लिहिले, 'पाणी जपून वापरावे.' यावर हरकत कोण घेणार? ज्यावर कोणी वाद घालू शकत नाही, ते म्हणणे निबंधास पुरत नाही. दोन दिवसांनी तिने लिहिले, 'राकसकोपचे पाणी घरात आले तरी विहिरी राखण्याचा खर्च नगराने केला पाहिजे.' आता कर भरणारा भांडू शकतो. येथे निबंध सुरू झाला.

भाषेविषयी थोडेसे. आमच्या घरी दख्खनी बोलतात. मराठी आम्ही शाळेत शिकलो, म्हणून जड शब्दांचा मोह आम्हांस अंमळ अधिकच. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली 'निबंधमाला' सुरू केली. त्यांच्या वाक्यांचा डौल त्यांच्या वादाच्या आवेशातून आला. वाद नसता तो डौल उसना घेतला की लग्नातल्या भाड्याच्या शेरवानीसारखा खांद्यावर लोंबतो. हल्ली तर यंत्रही क्षणात गुळगुळीत निबंध लिहून देते. आमच्या फळ्याची जागा त्याने घेतली, इतकेच.

प्रस्तावना शेवटी लिहावी. मग सगळे घरात कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवावे. जेथे आपला श्वास अडखळतो तेथे वाक्य तोडावे. तिने आजीला वाचून दाखविले. आजीने मध्येच थांबवून विचारले, 'पण त्या विहिरीतला गाळ कोण काढतो गं?' ते निबंधात नव्हते. दुसऱ्या दिवशी वही घेऊन ती पुन्हा टिळकवाडीस गेली.