‘सेव्ह’ होत नाही तेव्हा

खंडाळा तालुक्यातील शाळाभेटींत एक गोष्ट वारंवार आढळते. विद्यार्थ्याची माहिती यू-डायस प्लसवर भरून ‘सेव्ह’ची कळ दाबावी आणि चूक दर्शविणारी सूचना उमटावी, की शिक्षक ती न वाचताच पुनःपुन्हा कळ दाबू लागतात. ती सूचना प्रथम वहीत जशीच्या तशी उतरून घ्यावी.

आधार क्रमांक अवैध ठरला, तर बहुधा ताळा चुकलेला असतो. आधारच्या १२ अंकांपैकी शेवटचा अंक आधीच्या ११ अंकांवरून काढलेला असतो. ही रीत डच गणिती व्हेरहूफ यांनी १९६९ साली मांडली. एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तरी ताळा जमत नाही. तेव्हा कार्ड पुन्हा पाहावे, एवढेच.

नाव किंवा जन्मतारीख जुळत नसेल, तर प्रकरण निराळे. तेथे जनरल रजिस्टरातील तारीख आधारप्रमाणे करून मोकळे होण्याचा मोह होतो. तसे मुळीच करू नये. मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला त्याच रजिस्टरावरून निघणार आहे. जन्माचा दाखला मागवून रजिस्टराशी ताडून पाहावा आणि चूक आधारमध्ये असल्यास पालकांना आधार केंद्राकडे पाठवावे. तोवर नोंद अडून राहील, राहो. वहीत सूचनेखाली तारीख मात्र घालून ठेवावी.