अपत्यशोक आणि इस्लाममधील सांत्वनविचार

आईबापांना त्यांच्या मुलाच्या मृत्यूची वार्ता सांगणे हे बालरोगतज्ज्ञाच्या वाट्याला येणारे सर्वांत कठीण कर्तव्य होय. हैदराबादेत पिढ्यानुपिढ्या स्थिरावलेल्या आपणा मराठी डॉक्टरांच्या दवाखान्यांत मुस्लिम कुटुंबांतील मुले मोठ्या संख्येने येतात. ताप, खोकला, लसीकरण यांविषयी आपण त्यांच्याशी दखनीत सहज बोलतो. मूल गेले की मात्र आपले शब्द आटतात. मग आपण आपल्या घरी ऐकलेलेच बोलतो: 'तेवढाच ऋणानुबंध होता', 'गेल्या जन्मीचे देणे फिटले'. पुनर्जन्म न मानणाऱ्या आईला या शब्दांचा आधार कसा वाटावा? तिच्या स्वतःच्या धर्मपरंपरेने अशा प्रसंगासाठी काय सांगून ठेवले आहे, हे आपल्याला ठाऊक असणे म्हणूनच अगत्याचे आहे.

प्रेषितांचा अपत्यवियोग

हजरत मुहंमद पैगंबरांनी हे दुःख वारंवार भोगले. कासिम आणि अब्दुल्ला हे त्यांचे पुत्र बालपणीच गेले. कन्यांपैकी केवळ हजरत फातिमा त्यांच्या पश्चात हयात होत्या. इ. स. ६३२ मध्ये मदिना येथे इब्राहिम हा सुमारे दीड वर्षाचा पुत्र निवर्तला, तेव्हा पैगंबरांच्या डोळ्यांतून अश्रू वाहू लागले. आपणही रडता, याचे एका सहकाऱ्याला आश्चर्य वाटले. पैगंबरांनी अश्रूंना करुणेचे रूप म्हटले. डोळे पाझरतात, हृदय व्यथित होते, परंतु मुखातून ईश्वराला न रुचणारा शब्द निघू नये, असा त्यांच्या उत्तराचा आशय हदीसग्रंथांत नोंदलेला आहे. कन्येच्या घरी अखेरचे श्वास घेणारे बाळ मांडीवर असतानाही त्यांचे डोळे भरून आले होते, असे हदीस सांगते.

सब्र म्हणजे काय?

'सब्र करो' हे शब्द अशा घरात हमखास कानी पडतात. 'सब्र' या अरबी शब्दाच्या मुळाशी रोखून धरण्याचा, आवरण्याचा अर्थ आहे. तो कोरड्या डोळ्यांचा पर्याय नव्हे. आवरायचे ते ईश्वरावरील आरोप, ऊर बडवणे, कपडे फाडणे. दुःख आवरायचे नाही. कुराणातील याकूब आपला पुत्र यूसुफ दुरावल्यावर उत्तम सब्र राखण्याचा निश्चय करतात, आणि त्याच कथेत शोकाने त्यांचे डोळे पांढरे पडतात. सब्र आणि शोक एकाच हृदयात नांदू शकतात, हेच यातून दिसते. जवळच्या नातलगाच्या मृत्यूनंतर औपचारिक सुतक तीन दिवसांचे सांगितले आहे. दुःखाला मात्र अशी मुदत घातलेली नाही.

शिया परंपरेत शोकाला अधिक प्रकट स्थान आहे. इ. स. ६८० मध्ये करबला येथे मारल्या गेलेल्या हजरत अली असगर या तान्ह्या बाळाचे स्मरण मोहरममध्ये आपल्या शहरातही होते. त्यामुळे एका कुटुंबात मौन आणि दुसऱ्यात आक्रोश दिसला, तरी दुःखाचे मोजमाप त्यावरून करू नये. 'अल्लाह की अमानत थी' असे शांतपणे म्हणणारा पिता आतून कोसळलेला असू शकतो.

'माझे काय चुकले?'

आईच्या मनातील सर्वांत जळजळीत प्रश्न हा असतो. इब्राहिम गेला त्या दिवशी सूर्यग्रहण लागले. सूर्यही शोक करीत आहे, असे लोक बोलू लागले. सूर्यचंद्रांना कोणाच्या जन्मामृत्यूमुळे ग्रहण लागत नाही, असे पैगंबरांनी लगेच स्पष्ट केले. स्वतःच्या पुत्राच्या मृत्यूभोवतीही त्यांनी शकुनापशकुनाचे जाळे विणू दिले नाही. ग्रहणात भाजी चिरली म्हणून बाळ दगावले, अशी भीती बाळगणाऱ्या कोणत्याही धर्माच्या आईला हा प्रसंग सांगण्याजोगा आहे.

अजाण वयात गेलेले मूल निष्पाप असते, अशी इस्लामची श्रद्धा आहे. अशी मुले स्वर्गात हजरत इब्राहिमांच्या, म्हणजे पैगंबरांच्या त्या पूर्वजांच्या, सान्निध्यात असतात, असे हदीसमध्ये आहे. मुलाच्या जनाजाच्या प्रार्थनेत त्याच्यासाठी क्षमा मागितली जात नाही. ते आईबापांसाठी 'फरत' ठरावे, असे मागणे असते. काफिल्याच्या पुढे जाऊन पाणवठ्यावर इतरांची सोय करून ठेवणारा, तो फरत. या एका शब्दाने मागे राहिलेले मूल पुढे गेलेले मूल होते, आणि वियोगाला भेटीची दिशा मिळते.

आपले कर्तव्य

नवजात अर्भक दगावले की पिता अनेकदा विचारतो, 'बच्चा रोया था क्या?' हा प्रश्न आपल्यावरील संशय समजू नये. हनफी मतानुसार जन्मानंतर जीवनाचे लक्षण दिसलेल्या बाळासाठी जनाजाची नमाज होते. मृत जन्मलेल्या बाळाला नाव देऊन, स्नान घालून, वस्त्रात गुंडाळून नमाजेविना दफन करतात. अन्य मतांत काही भेद आहेत. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा, १९६९ हादेखील जिवंत जन्म आणि मृतजन्म वेगळे मानतो. म्हणून श्वास, रडणे, हृदयाचे ठोके यांची नोंद अचूक असावी आणि उत्तर निःसंदिग्ध द्यावे.

दफन शक्यतो लवकर करण्याची रीत असल्याने कागदपत्रांत विलंब होऊ देऊ नये. न्यायवैद्यकीय प्रकरण नसेल तर नळ्या व सुया काढून, रक्त पुसून, बाळ स्वच्छ वस्त्रात आईच्या हाती द्यावे. तिला पुरेसा वेळ द्यावा. बाळाला नाव असल्यास नावानेच उल्लेख करावा.

दैवाचा स्वीकार म्हणजे कारणांकडे पाठ फिरवणे नव्हे. आजारावर उपचार करा, अशी पैगंबरांची शिकवण आहे. 'अल्लाह की मर्जी' हे शब्द आईबापांनी उच्चारावेत. आपल्या उत्तरदायित्वावर पांघरूण घालण्यासाठी डॉक्टरने ते उच्चारू नयेत. मृत्यूचे कारण सोप्या भाषेत सांगावे, आईचा दोष नसेल तर तसे स्पष्ट शब्दांत सांगावे, आणि काही आठवड्यांनी त्यांना पुन्हा बोलावून पुढच्या अपत्यासाठी आवश्यक त्या तपासण्यांची माहिती द्यावी. शोक दीर्घकाळ अन्न व झोप हिरावू लागला तर मानसोपचारतज्ज्ञांचे साह्य घेण्यास सुचवावे. ते घेणे सब्रच्या विरुद्ध नाही.

धर्मोपदेश करणे हे आपले काम नाही. ते त्यांचे वडीलधारे आणि मौलवी करतील. परंतु ज्या परंपरेच्या प्रेषिताने मरणोन्मुख बाळाला मांडीवर घेऊन अश्रू ढाळले, त्या परंपरेतील आईबापांसमोर आपले डोळे ओलावले तर संकोच मानण्याचे कारण नाही. त्यांच्या शेजारी थोडा वेळ बसणे, हाही पुरसाच होय.